बुधवारच्या पुड्या

"दुधाची पिशवी विसळायला ह्यांचे हात दुखतात का गं? सकाळी सकाळी हा वास घ्यायला माझं नाक काय भाड्यानं घेतलंय?" जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटली.

टेबलाशी आम्ही इतक्या खेटून उभ्या असतो की एकीनं उसासा टाकला तर तो दुसरीच्या मानेला लागतो. जाऊबाई काही माझी खरी जाऊ नाही. ती सगळ्यांशीच जावेसारखी बोलते, म्हणून तिला ते नाव पडलं. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये आम्ही सहाजणी आहोत. मध्ये लांबलचक पत्र्याचं टेबल. एका टोकाला पोती रिकामी होतात, आणि सरकत सरकत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या ढिगात पडतं. जाऊबाईकडे पिशव्या, माझ्याकडे कागद आणि गोळ्यांची पाकिटं. उरतं ते मागच्या डोंगरावर जातं. मी आले तेव्हा तो डोंगर शेडच्या खिडकीच्या खाली होता. आता खिडकीतून डोंगरच दिसतो, आभाळ बघायचं तर दारात जावं लागतं.

प्रत्येक पोत्याला इमारतीची आणि घराची चिठ्ठी बांधलेली असते. एखाद्या घरानं सुक्यात ओलं मिसळलं, की मुकादम वहीत फुली मारतो. तीन फुल्या झाल्या की त्या घराच्या दारावर लाल चिठ्ठी. ती आठवडाभर काढायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावी, घरच्यांनी ओशाळावं, एवढाच तिचा उपयोग. चिठ्ठ्या मी लिहिते. सातवीत शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही.

टेबलाचा दुसरा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही. पोत्यात दिसलं ते शेडच्या बाहेर न्यायचं नाही. कोणाकडे बाटल्या वाढल्या, कोणाकडचे दाढीचे ब्लेड अचानक यायचे थांबले, कोणी फाडलेले फोटो चार वेगवेगळ्या दिवशी टाकले, हे आम्हाला माहीत असतं. तीच माणसं रस्त्यात भेटतात आणि बाजूला सरकून जातात. आम्हीही सरकतो. माणसाला एवढं आतून ओळखावं आणि त्यानं आपल्याला मुळीच ओळखू नये, ह्याची हळूहळू सवय होते.

चारशे दोन हे माझ्या धाकट्या भावाचं घर. टेबलावर हे कोणाला ठाऊक नाही. आणि भावाच्या मजल्यावर टेबल कोणाला ठाऊक नाही. "ताई पर्यावरणात असते," असं तो सांगतो. ऐकायला मला बरं वाटतं. जणू मी ढगच.

आई त्याच्याकडे असते. वडील गेल्यापासून ती मधेच उठायची आणि दाराची कडी काढून जिन्यात जाऊन बसायची. कुठे निघालीस विचारलं तर म्हणायची, "लेकीकडे." डॉक्टरांनी मग एक गुलाबी गोळी दिली, दुपारच्या जेवणानंतर घ्यायची. ती घेतली की आई चार तास शांत झोपते. मी दर बुधवारी सुट्टीच्या दिवशी जाते. तीनला. म्हणजे ती झोपलेली असते. तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून मी आणि भावजय चहा पितो, हळू आवाजात इकडचं तिकडचं बोलतो, आणि ती उठायच्या आत मी निघते.

तीनलाच का, असं मला कधी कोणी विचारलं नाही.

आईनं एकदा, वर्षापूर्वी, जागेपणी विचारलं होतं. "मला तुझ्याकडे नेतेस का?" मी म्हटलं, तुझी नखं किती वाढली आहेत गं, आण कापून देते.

तर एका शुक्रवारी चारशे दोनच्या पोत्यातून एक पुडी माझ्यापुढे आली. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, त्यातल्या पानाची. उघडली तर आत गुलाबी गोळी. अख्खी. पण कागद ओलसर, आणि गोळीचा रंग एका बाजूनं निघून पानाला लागलेला. 

"बघू, बघू," जाऊबाई वाकली. "औषध टाकतात? लोकांना मिळत नाही, आणि हे पुड्या बांधून टाकतात! म्हातारं माणूस असणार घरात. आणि सून."

"सूनच कशावरून?"

"अगं, सून नसती तर पाकीट तसंच टाकलं असतं. ही हुशार आहे. पाकिटातून काढते, म्हणजे नवऱ्याला वाटावं, दिली."

मुकादमानं वहीत फुली मारली. कागद ओला, म्हणजे ओलं मिसळलं. ह्याच्यापुढे आमची अक्कल धावत नाही. टेबलावर काहीही भिजलेलं आलं की आम्हाला एकच सुचतं, ह्यांनी कचरा वेगळा केला नाही.

पुढच्या शुक्रवारी दुसरी पुडी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिसरी, आणि वहीत तिसरी फुली. तिन्ही पानं वाळवून मी पर्समध्ये ठेवली, नियम मोडून. तिन्ही पानांवर वार एकच होता, बुधवार.

मी ते असं जुळवलं: बुधवारी मी जाते. माझी सरबराई करायच्या नादात भावजय गोळी द्यायला विसरते. मग पाकिटातली संख्या चुकू नये म्हणून काढून टाकते. जुळलं ते, आणि खरं सांगायचं तर जुळल्याचं मला बरं वाटलं. आईचं काही कमीजास्त झालं तर ते त्या घरात झालं, त्या सुनेच्या हातून झालं. मी तर बाहेरची.

लाल चिठ्ठी लिहिताना मी हात आखडता घेऊ शकले असते. मुकादमाला म्हणाले असते, ह्यावेळी सोडा. पण मी चांगली टपोऱ्या अक्षरात लिहिली. 'ओला कचरा सुक्यात मिसळू नये.' त्यातल्या 'मिसळू' खाली रेघसुद्धा मारली.

भावाचा फोन मंगळवारी आला.

"ताई, अक्षर तुझं आहे."

"असेल. मीच लिहिते."

"अख्खा मजला वाचतोय. समोरचे विचारतात, तुमची बहीण पर्यावरणात ना हो? आता काय सांगू?"

"सांग, आहे म्हणून. म्हणून तर चिठ्ठी आली."

"चेष्टा नको गं. ही दोन दिवस नीट जेवली नाही. एकेक पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालते. बाल्कनीत बघ येऊन, कपड्यांना जागा नाही आमच्या."

"उद्या येते," मी म्हटलं. "मलाही तिच्याशी बोलायचंय."

बुधवारी त्यांचा जिना चढताना पर्समधली ती तीन पानं मला उगाच जड वाटत होती. काय बोलायचं ते मी घरून घोकून निघाले होते. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले आणि मला एक प्रश्न पडला, जो तीन आठवड्यांपूर्वी पडायला हवा होता. बुधवारी गोळी पोटात जातच नसेल, तर बुधवारी आई झोपते कशी?

मी तो प्रश्न तिथेच कठड्यावर ठेवला आणि वर गेले. असे प्रश्न वाटेत ठेवून पुढे जायची मला सवय आहे.

दारावर लाल चिठ्ठी होती. भावजयीनं दार उघडलं, पण नेहमीसारखं हसली नाही.

"या ताई. चप्पल कुठे काढू विचारू नका, सुक्यातच काढा."

ही बोचकारू शकते हे मला माहीत नव्हतं. मला ती जरा आवडलीच.

आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून होती, चादर खांद्यापर्यंत. उशाशी तिपाईवर पाण्याचा पेला, चष्मा आणि ते कॅलेंडर. मी खुर्ची न ओढता पर्स उघडली आणि पानं भावजयीच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुमच्या पोत्यातलं. आत गोळ्या होत्या. अख्ख्या."

तिनं पानं उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं होतं ती गडबडेल. ती चिडली.

"ताई, मी माझ्या हातानं देते. पेला धरते. घोट गिळेपर्यंत इथून हलत नाही. आजसुद्धा दिली, दीड वाजता. विचारा त्यांना. म्हणजे, उठल्यावर विचारा."

"मग पुड्या कोणी बांधल्या?"

"मला काय माहीत! कॅलेंडर त्यांच्या उशाला असतं. पान तेच फाडतात रोज. दुसरं काय काम ठेवलंय आपण त्यांना?" ती 'आपण' म्हणाली. आवाज चढल्याचं तिच्याच लक्षात आलं आणि ती कुजबुजायला लागली. "तुम्हाला वाटलं, मी टाकते?"

तिच्या हातातलं एक पान मी परत घेतलं. पानावरचा गुलाबी डाग अर्धगोल होता. सहा वर्षं मी ह्या बोटांनी कागद चाळते. भाजीच्या पाण्याचा डाग कसा पसरतो, दुधाचा कसा कडक होतो, हे मला झोपेत कळेल. हा तसला नव्हता. ही गोळी तोंडात राहिली होती. जिभेखाली, गालात, कुठेतरी, पेला धरणारी बाई खोलीतून जाईपर्यंत. मग कागदात.

फक्त बुधवारी.

"चहा टाकतेस?" मी भावजयीला म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मुकाट्यानं आत गेली. 

मी पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेले. जागा अरुंद होती, अंग तिरकं करूनच शिरावं लागलं. इतक्या महिन्यांत मी कधी ह्या बाजूला आले नव्हते. आईचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेल्या माणसाचे मिटतात तसे नाही. पापण्या घट्ट. खालच्या ओठाच्या कोपऱ्यात किंचित गुलाबी लागलं होतं, लहान मुलीनं चोरून लिपस्टिक लावावी तसं. उजवी मूठ उशीखाली होती. त्या मुठीत काय असणार ते मला बघायची गरज नव्हती.

म्हणजे पहिल्या बुधवारी तिनं गोळी गालात ठेवली ती माझ्यासाठी. जागं राहावं, लेक आली की उठून बसावं. मग मी आले आणि दारातूनच म्हणाले असेन, "झोपलीय ना? असू दे, उठवू नको." मी दर वेळी हेच म्हणते. ते ऐकून कोण डोळे उघडेल?

आणि त्यानंतर मी खुर्चीत बसून जे जे बोलले ते तिनं ऐकलं. माझी खोली किती लहान आहे. नळाला पाणी कधी येतं. दिवसभर तिच्याजवळ कोण बसणार. पलंग मावणार नाही. भावजय "हो ना, खरंच" म्हणायची, आणि मी आणखी एखादं कारण काढायचे, कोणी मागितलेलं नसताना. तीन बुधवार. तीन तरी. त्याआधीच्या पुड्या माझ्या हाताखालून गेल्याच नसतील कशावरून?

खरं कारण मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. सासू सहा वर्षं अंथरुणाला होती, मग नवरा दोन वर्षं. आठ वर्षं घरात माझं नाव नव्हतं, हाक होती. आता मी घरी जाते तेव्हा कुलूप मीच उघडते, आणि आत जे जिथे ठेवलेलं असतं ते तिथेच असतं. संध्याकाळी कधीकधी इतकं सुनं वाटतं की मी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला "बस गं जरा" म्हणते. पण कोणी हाक मारत नाही. हे सुनेपण मला खातं, आणि ते मला कोणाला द्यायचंही नाही. आईलासुद्धा.

स्वयंपाकघरात कप वाजले. गॅस बंद झाल्याचा आवाज आला, पण भावजय बाहेर आली नाही. ती दाराआड उभी राहिली असणार. तिला मी दोष देत नाही. मीही राहिले असते.

मी आईच्या ओठाचा रंग अंगठ्यानं पुसला. तिनं पुसू दिला.

"आई."

पापण्या आणखी घट्ट झाल्या.

"आई, मला माहितीय तू जागी आहेस."

ती डोळे न उघडता म्हणाली, "चहा घेऊन जा. तुला उशीर होईल." 

तिचा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. तो बारीक झाला होता.

"नाही होत उशीर. सुट्टी असते मला आज."

"हो. बुधवार." तिनं उशीखालून मूठ काढली आणि छातीशी धरली. "ह्या पोरीला बोलू नकोस. ती देते गोळी. वेळेवर देते."

"कळलं मला."

"तिच्या दाराला काय ते लाल लावलंय, ते काढ."

"काढते."

भिंत आणि पलंग ह्यांच्यामध्ये मी अंग चोरून उभी, आणि ती डोळे मिटून पडलेली. मला वाटलं ती आता ते पुन्हा विचारेल. मी मनात नखांसारखं काहीतरी शोधायलाही लागले होते. पाण्याची वेळ, पलंगाची लांबी, काहीही.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं, चष्म्याशिवाय, अगदी जवळून. आणि काही विचारलं नाही. माझं उत्तर तिला आधीच मिळालेलं होतं, तीन वेळा, माझ्याच तोंडून. आता ती तेवढ्यापुरती मला मोकळं सोडत होती, लहानपणी खोटं पकडल्यावरही सोडून द्यायची तसं.

ते सोडणं मला झेपलं नाही.

"खोलीचं काही नाही आई," मी म्हटलं. "पाण्याचंही नाही. मला तू माझ्याकडे नको आहेस."