पेन्सिलीचं वेळापत्रक

कारखान्याचे साहेब आमच्या घरी खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि चहाला हात लावत नव्हते. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस काहीतरी मागायला आलाय.

त्यांनी एक कागद यांच्यापुढे सरकवला. मला वाचता येतं ते जेमतेम, पण तो कागद मी लांबूनही ओळखला असता. कारखान्यातलं कुठलं यंत्र कुठल्या दिवशी बंद ठेवून तपासायचं, त्याचं वेळापत्रक. सव्वीस वर्षं हे तेच करत आले, आणि तेही पेन्सिलीने. कारण तारीख घातली की साहेबांचा निरोप यायचा, माल अडलाय, पुढच्या आठवड्यात बघू. मग हे खोडायचे, फुंकर मारायचे, नवी तारीख घालायचे. मी म्हणायची, एकदा पेनाने लिहा, बघू कोण बदलतं ते. तर म्हणे, खाडाखोड बरी दिसत नाही. असला नीटनेटका माणूस. स्वतःचा पुरावा स्वतःच्याच हाताने पुसत बसला.

पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसची तारीख अशी चार वेळा पुढे गेली. पाचव्या आठवड्यात तिचा ब्रेक लागला नाही आणि ती चालवणाऱ्याचा उजवा हात मनगटापासून गेला. धिप्पाड गडी, सगळे त्याला पठ्ठ्या म्हणायचे.

आता चौकशीला तपासनीस येणार होते. साहेबांचं म्हणणं, मागच्या महिन्यातली तारीख घाला, पुढे 'तपासणी झाली' लिहा आणि सही करा. या वेळी पेनाने. म्हणजे यंत्र ठीक होतं, चूक पठ्ठ्याची. नाहीतर वेळापत्रक तुमच्या हातचं, जबाबदारी तुमची. निवृत्तीला सातच महिने राहिलेत, हेही त्यांनी अगदी मायेने सांगितलं.

हे माझ्याकडे बघायला लागले. उभ्या जन्मात यांनी भाजीसुद्धा मला विचारल्याशिवाय आणली नाही. घरात माझा शब्द शेवटचा, आणि त्याचा मला तोरा होता.

"तपासणी झाली नव्हती गं," हे म्हणाले. साहेबांना नाही, मला.

"मग काय, या वयात दारोदार काम मागणार? करा सही."

केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. साहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

दीड महिन्याने पठ्ठ्या दारात उभा राहिला. निष्काळजी ठरवून त्याला काढून टाकलं होतं. मला वाटलं भांडेल, आणि भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तो खालच्या आवाजात बोलला.

"काकांनीच मला सांगितलं होतं, तारीख पुढे गेलीय, जपून चालव. तेवढं त्यांनी तपासनिसांपुढे बोलावं. काका खोटं बोलायचे नाहीत, काकू."

"ते घरात नाहीत," मी म्हटलं.

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. यांच्या चपला तर त्याच्या पायाशीच होत्या. त्याने चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पहिल्यांदाच कुणापुढे मान खाली घातली.

"बरं," तो म्हणाला. "आले की सांगा, येऊन गेलो."

डाव्या हाताने त्याने दार ओढून घेतलं, अगदी हळू, आत कुणी आजारी माणूस झोपलेलं असावं तसं.