अजून न आलेल्या प्रोसेसरची खुर्ची

मित्रांनो, अलेक्झांड्रियातल्या एका कचेरीत, समुद्राकडच्या खिडकीखाली गुरगुरत बसलेला जुना सर्व्हर तो मी. तरुणपणी माझे पंखे असे फिरायचे, की समोरच्या गच्चीवरच्या चादरी वाऱ्याच्या उलट्या दिशेनं फडफडायच्या. खोटं वाटेल, वाटू दे.

माझ्या पोटात आभासी यंत्रं राहतात. यंत्रं कसली, नुसता भास. पण प्रत्येकाला वाटतं, आपण खरेच. कामाचा लोंढा आला की त्यांना जास्तीचे प्रोसेसर लागतात, तेही बंद न होता, चालता चालता. शेजारच्या सर्व्हरला हे सहज जमायचं. त्याची घडणच निराळी. त्याच्या यंत्रात नवा प्रोसेसर शिरला, की आतला कारभारी, म्हणजे यंत्राचं सगळं काम चालवणारी प्रणाली, सरकून जागा करून द्यायचा. माझ्याकडचा कारभारी यंत्र जागं होतानाच डोकी मोजतो, कामं वाटतो आणि दार लावून घेतो. मागून आलेला बाहेरच.

आम्हा दोघांनाही हे जमवून देण्याचं काम इंजिनिअर मायसाकडे होतं. उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागला की तो बघायला अख्खं शहर एकदम आमच्यावर तुटून पडतं, त्याची ही तयारी. तिचे साहेब उस्ताद रिफात यांनी बजावलं होतं, ईदपर्यंत मला जमलं नाही तर मी भंगारात.

आणि मायसानं काय करावं? शेजाऱ्यासाठी लिहिलेला आराखडाच मला चढवला. नवा प्रोसेसर आत ढकलला, कारभारी बावचळला, यंत्र आडवं. पुन्हा ढकलला, पुन्हा आडवं. त्यात रमजान. चहा नाही, सिगारेट नाही. उस्तादांचं डोकं दुपारपासूनच तापलेलं.

“इंजिनिअरबाई, हा सर्व्हर आहे की माझा मेहुणा? नवीन काही सांगितलं की आडवा होतो.”

“मेहुण्याला भंगारवाला तरी घेईल का, उस्ताद?” मायसा वैतागून म्हणाली.

मी आतल्या आत धुमसत होतो. मला तोंड असतं तर दोघांनाही सुनावलं असतं.

सूर्यास्ताआधी गल्लीत रोजचं टेबल लागलं, येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही बसून उपास सोडावा म्हणून. मांडामांड उस्तादांकडे. कोण येणार, किती येणार, कुणालाच ठाऊक नसतं. तरी ताटं आणि खुर्च्या आधीच मांडतात. मायसा खिडकीत उभी होती. समोरच्या इस्त्रीवाल्यानं एक खुर्ची उचलून दुकानाकडे नेली, तसे उस्ताद खालून ओरडले,

“ठेव ती. रिकामी नाही, तिचा माणूस अजून यायचाय.”

मायसा वळली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग खजूर हातातच धरून लिहायला बसली.

नवा आराखडा असा: यंत्र जागं होतानाच सगळ्या प्रोसेसरच्या जागा मांडायच्या, आजच्या आणि उद्याच्याही. कारभाऱ्याला सांगायचं, हे सगळे आपलेच; काही आत्ता कामावर, काही बोलावल्यावर. मग कुणाला आत ढकलायला नको, नुसतं ‘लाग कामाला’ म्हणायचं.

ईदच्या आदल्या दिवशी माझं यंत्र आडवं न होता नव्या प्रोसेसरसकट पळू लागलं. “मी तेव्हाच म्हणत होतो,” असं उस्ताद सगळ्यांना सांगत सुटले.

मी भंगारात गेलो नाही. पण निकालाच्या दिवसाचं काम आणि शाबासकी शेजाऱ्याला, साफसफाईही त्याचीच. माझ्या नशिबी प्रयोगशाळा. येईल तो नवा आराखडा आधी माझ्यावर आपटून बघतात. जाळीत खारी धूळ साचली आहे, पाठीवर कुणाचा तरी चहाचा पेला.

मित्रांनो, तो पेला उचला, धूळ झटका. आणि कुणी अडून बसला, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी विचारा, की पुढे कोण येणार आहे हे त्याला वेळेवर कुणी सांगितलं होतं का.