दुनळीला हळदकुंकू

खंडेनवमीला सुलोचनाबाईंनी दुनळी बंदुकीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि पाचव्या दिवशी त्यांच्या नवऱ्याला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं.

यात बंदुकीचा काही दोष नव्हता. ती बिचारी अकरा वर्षं नामदेवरावांच्या खांद्यावर बसून रोज बँकेत जात होती आणि रोज परत येत होती. नामदेवराव फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले. मुलगा अंबरीश मोहालीत नोकरीला लागला म्हणून दोघं नवराबायको साताऱ्याकडचं बिऱ्हाड हलवून चंदीगडला आली. रिकामं बसवेना तेव्हा नामदेवरावांनी बंदुकीचं लायसन काढलं, बारा बोरची दुनळी घेतली आणि एका बँकेच्या दारात स्टुलावर बसले. अकरा वर्षांत त्या बंदुकीने एकदाच आवाज केला होता, तोही स्टुलावरून खाली पडल्याचा.

पण बंदूक ती बंदूकच. ती हाती आली की माणसाच्या मिशा आपोआप वर चढतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की नामदेवराव सांगायचे, "आपण तर उशाशी घेऊन झोपतो. झोपेतसुद्धा हात घोड्यावर." हे ऐकताना सुलोचनाबाई पदर तोंडाला लावायच्या. लोकांना वाटायचं, बाई लाजल्या.

तर खंडेनवमी. ज्या हत्यारावर आपलं पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, ही गावाकडची रीत. सुलोचनाबाईंनी पाट मांडला. विळी, खलबत्ता, मिक्सरचं भांडं, स्कूटरची किल्ली, अंबरीशचा जुना लॅपटॉप, सगळं ओळीने ठेवलं. बंदूक मात्र नामदेवरावांनी पाटावर ठेवू दिली नाही.

"हत्यार जमिनीला लावायचं नसतं," असं म्हणून ते दोन्ही हातांत ती आडवी धरून, छाती काढून, परेडला उभं राहावं तसे उभे राहिले.

सुलोचनाबाईंनी फोन डाळीच्या डब्याला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि आधी बंदुकीला ओवाळलं, मग बाकीच्यांना. फोन खाली होता म्हणून नामदेवराव चित्रात ताडासारखे उंच दिसत होते. संध्याकाळी सुलोचनाबाईंनी हौसेने तो व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा टाकला. फोन हे नवीन खेळणं त्यांना नुकतंच जमायला लागलं होतं. फोनने स्वतःच विचारलं, गाणं लावू का? लाव म्हणाल्या. गाणं पंजाबी होतं, शब्द अर्धेच कळले, पण ढोल हलगीसारखा कडकडत होता. त्यांना तो देवीच्या पूजेला शोभेलसा वाटला. आणि व्हिडिओ लांब होता म्हणून फोनने सुरुवातीचा तुकडाच घेतला, विळी आणि खलबत्ता मागेच राहिले.

म्हणजे जगाने पाहिलं ते असं: एक मिशीवाला उंच म्हातारा दुनळी घेऊन उभा आहे, एक बाई त्याला आरती ओवाळते आहे, आणि मागे गाणं चाललं आहे की, आमच्याकडे ज्याने वाकडा डोळा केला, त्याच्या घरी उद्या रडारड.

दुधवाल्याने तो पुढे पाठवला. कुणीतरी त्यावर "चाचा जी" असं नाव टाकलं. तीन दिवसांत चाळीस हजार माणसांनी पाहिला.

सुलोचनाबाईंना आधी कळलंच नाही की गल्ली एवढी गोड का झाली. दुधवाला माप ओतून वर थेंबभर जास्त घालू लागला. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली. शेजारचा विक्रम हा जमिनीचा दलाल. त्याची गाडी दोन वर्षं यांच्या फाटकासमोर उभी असायची. शंभरदा सांगून झालं होतं. एका सकाळी ती नाहीशी झाली आणि विक्रम हात जोडून म्हणाला, "चाची जी, आधी सांगायचं ना, चाचाजी कोण आहेत ते!"

"कोण हायत?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

विक्रमने नुसतं कानाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी तो मिठाईचा डबा घेऊन आला. चुलतभावाचं लग्न होतं. वरातीत चाचाजींनी पुढे चालावं आणि नवरदेव घोड्यावर बसला की हवेत दोन बार काढावेत. "रौनक येईल जी."

नामदेवरावांनी डबा त्याच्याकडे परत सरकवला. "बेटा, गोळी वर जाते ती कुणाच्या तरी डोक्यावर खाली येते. फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात."

"पण चाचाजी, तुमचा व्हिडिओ…"

"कसला व्हिडिओ?"

तेव्हा नामदेवरावांनी तो पहिल्यांदा पाहिला. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला आणि परत उचललाच नाही. अर्ध्या तासात अंबरीशचा फोन आला.

"आई, काय केलंस तू हे! अगं, पंजाबात बंदुकीचे फोटो टाकले तरी केस होते. इकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी बंदूक दाखवून धमक्या देतंय, पोलीस आधीच पिसाळलेत. बाबांचं लायसन जाईल."

"पूजेला कसली केस?"

"गाणं ऐकलंस का तू?"

"ढोल ऐकला," सुलोचनाबाई म्हणाल्या.

लायसन गेलं की बंदूक जाणार, बंदूक गेली की बँकेच्या दारातला स्टूल जाणार. रात्री नामदेवरावांनी जेवताना दुसरी भाकरी मागितली नाही, तेव्हा सुलोचनाबाईंनी टोपली तशीच झाकून ठेवली. एक तर चूक त्यांची स्वतःची. आणि दुसरं म्हणजे, घरी बसलेला हवालदार काय करतो ते त्यांनी करोनात पाहिलं होतं. त्याने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे ओळीत लावले होते आणि रोज सकाळी त्यांची तपासणी केली होती. जिरं मोहरीच्या जागी सापडलं म्हणून एकदा अर्धा तास बोलणी बसली होती. तो माणूस कायमचा घरी येणार असेल, तर ठाण्यात जाऊन भांडलेलं परवडलं.

बोलावणं आलं त्या दिवशी नामदेवरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मेडल लावलं, आणि दारात पायताण चढवत म्हणाले, "तू घरीच थांब. व्हिडिओ मीच टाकला म्हणून सांगतो."

"तुम्हाला फोनचा दिवा तरी लावता येतो का? पोलीस पहिल्याच प्रश्नाला पकडतील."

आणि त्याही निघाल्या. रिकामी बंदूक कापडी पिशवीत, लायसनची वही खिशात. मागे सुलोचनाबाई स्कूटरवर.

इन्स्पेक्टर जसमीत कौर चाळिशीची बाई होती. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, टेबलावर फायलींची चळत. तिने व्हिडिओ लावला. खोलीत ढोल कडकडला. दारातला शिपाई मान डोलवायला लागला, तिने पाहिलं तसा थांबला.

"हे तुम्हीच?"

"होय मॅडम," नामदेवराव ताठ उभे राहून म्हणाले. "व्हिडिओ मीच टाकला."

"कशावरून टाकला? कोणतं ॲप?"

नामदेवराव छताकडे पाहू लागले.

"मॅडम, झूट बोलते ये," सुलोचनाबाई आपल्या पलटणीतल्या हिंदीत म्हणाल्या. "मैंने डाला. हमारे में पूजा रहता है. पूरा पिक्चर देखो ना."

त्यांनी आपला फोन पुढे केला. त्यात अख्खी दोन मिनिटं होती आणि गाणंबिणं काही नव्हतं. बंदुकीला ओवाळून झालं. मग विळीला कुंकू, खलबत्त्याला कुंकू, मिक्सरला कुंकू. लॅपटॉपला लावताना बोट बटणावर पडलं आणि तो किंचाळला, तशा सुलोचनाबाई "अगं बया" म्हणून मागे सरल्या. शेवटी नामदेवरावांचा आवाज, "अगं, आटप की आता, हात भरून आले."

इन्स्पेक्टरीणबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. पण तिने तो परत जागेवर आणला.

"पूजा दिसली. पण चाळीस हजार लोकांनी ही पूजा नाही पाहिली, ते गाणं पाहिलं. बंदूक मिरवायची नाही, हे लायसन देतानाच सांगितलेलं असतं. गेल्या महिन्यात एका लग्नात हौसेने बार काढला. नवरदेवाच्या मावशीच्या मानेत गेली गोळी. ती पोळ्या वाढत होती." तिने नामदेवरावांकडे पाहिलं. "बाबाजी, मी तुमचं लायसन रद्द करायला का लिहू नये, ते सांगा. बंदूक घरी कशी ठेवता?"

"उशा…" नामदेवरावांनी सवयीने सुरुवात केली.

"परत झूट," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बंदूक ट्रंकेत. काडतुसं लोखंडी पेटीत, तांदळाच्या पिंपामागे. पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. सकाळी ड्युटीला जाताना मागून घेतात, संध्याकाळी आले की मोजून परत. पाच म्हणजे पाच. अकरा वर्षं झाली."

नामदेवरावांच्या मिशा खाली आल्या. दारातला शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"किल्ली तुमच्याकडे का?" इन्स्पेक्टरने विचारलं.

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सांगू की नको? मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी फाटकावर कुणाशी तरी भांडण झालं. हे आत आले आणि ट्रंक उघडायला लागले. म्हणाले, नुसती दाखवतो. मी ट्रंकेवर बसले. उठलेच नाही. तो माणूस निघून गेला, यांचा राग उतरला, मग उठले. मॅडम, रागात माणूस हाताला लागेल ते उचलतो. लाटणं लागलं तर टेंगूळ येतं, दोन दिवसांनी जातं. बंदुकीने गेलेलं काय परत येतं का? त्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे."

इन्स्पेक्टर जसमीत कौर थोडा वेळ फायलींच्या चळतीकडे बघत राहिली. त्यातल्या किती फायली अशाच एखाद्या उघड्या ट्रंकेतून आल्या असतील, ते तिलाच ठाऊक. मग तिने चहा सांगितला. तीन कप.

सुलोचनाबाईंना वाटलं, जिंकलं. त्या खुर्चीत जरा सैल बसल्या. तेवढ्यात इन्स्पेक्टरीणबाई म्हणाली, "पण हे तर आणखी मोठं लफडं झालं. लायसन बाबाजींच्या नावावर. काडतुसं तुमच्या ताब्यात. बिना लायसनच्या माणसाकडे काडतुसं म्हणजे केस तुमच्यावर होते."

नामदेवराव एक पाऊल पुढे आले. "मॅडम, हिचं काही नाही. लायसन घ्या पाहिजे तर. ही बंदूक इथेच ठेवून जातो."

अख्ख्या संसारात ते बायकोच्या बाजूने एवढं लांब कधी बोलले नव्हते. सुलोचनाबाईंनी पदर खोचला.

"मॅडम, लिखके लेव. काडतूस इनके कब्जे में. बंदूक इनके कब्जे में. और ये मेरे कब्जे में. इसमें कौनसा कानून टूटा?"

शिपाई खोलीबाहेर पळाला. इन्स्पेक्टर जसमीत कौर हसली ती चहा सांडेपर्यंत हसली. डोळे पुसून तिने कागद ओढला आणि स्वतःच लिहायला घेतलं. व्हिडिओ आत्ता, इथे, माझ्यासमोर काढून टाकायचा. शस्त्राचा फोटो यापुढे कुठेही टाकणार नाही. लग्नकार्यात बंदूक नेणार नाही. आणि पेटीची किल्ली लायसनदाराने स्वतःजवळ ठेवायची. एवढं लिहून दिलं तर ताकीद देऊन सोडते.

"किल्ली?" नामदेवराव दचकून म्हणाले.

"किल्ली. नियम आहे."

सुलोचनाबाईंनी गळ्यातला काळा दोरा मंगळसूत्रातून सोडवायला घेतला. गाठ अकरा वर्षांची, घामाने घट्ट झालेली. सुटायला वेळ लागला. किल्ली नवऱ्याच्या तळहातावर ठेवली तेव्हा ती कोमट होती.

नामदेवराव त्या किल्लीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, हिच्याकडेच राहू द्या की. मी हरवीन."

"सही करा बाबाजी."

त्यांनी सही केली. फौजी सही, टोकदार, खाली रेघ मारलेली. लायसनची वही परत खिशात गेली.

बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. स्कूटरजवळ आल्यावर नामदेवरावांनी किल्ली आधी शर्टाच्या खिशात टाकली. मग काढून पँटच्या खिशात. मग तिथूनही काढून रुमालात गुंडाळली आणि रुमाल मुठीत धरून उभे राहिले.

"आवो, चला की. गाडी एका हाताने चालवणार का?"

"अगं, पण खरंच हरवली तर?"

"हरवली तर परत येऊ," मागे बसत सुलोचनाबाई म्हणाल्या. "बाई चहा चांगला देते."