रुद्रप्पाच्या डोक्यातलं रक्त

माणसाला निरोगी ठरवायचं काम मी सोलापुरातल्या एका इस्पितळात चार वर्षं केलं आणि एकदाच पस्तावलो. चौऱ्याहत्तर साल होतं. धडधाकट माणसाच्या मेंदूतलं रक्त वयाबरोबर किती कमी होतं, हे आमच्या डॉक्टरांना शोधायचं होतं. मी कपाळाला आणि मानेमागं पट्ट्या बांधायचो, यंत्र कागदावर रेघ काढायचं. तरुणाची रेघ टोकदार, म्हाताऱ्याची बसकी. आजारी माणसं आपणहून यायची. निरोगी शोधताना मात्र नाकी नऊ यायचे.

म्हणून रुद्रप्पा आपल्या पायांनी आला तेव्हा मी खूश झालो. वय बासष्ट, चष्मा नाही, दात शाबूत. पट्टी बांधताना तो हळूच म्हणाला, "सायेब, डोस्क्यातलं रगत कमी निघू द्या."

"का हो? लोक तर उलटं मागतात," मी चेष्टेनं म्हणालो.

मग त्यानं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी नळाला पाणी आलं, त्यानं अंगणातला हौद भरला आणि झाकण लावायला विसरला. लेकीचा दोन वर्षांचा मुलगा त्यात बुडून गेला. लेक, गंगम्मा, तेव्हापासून त्याच्याशी बोलली नव्हती.

"डोस्क्यात रगतच पोचत न्हाय असं निघालं तर ती माफ करंल. आजारी मानसावर कोन राग धरतंय? न्हायतर माझीच चूक ऱ्हाती की."

मी पट्टी आवळली. चेष्टा केल्याबद्दल माझा मलाच राग आला होता.

डॉक्टरांनी रेघ पाहिली. "पंचविशीतल्या पोरापेक्षा कमी आहे, पण तुमच्या वयाला एवढं कमी व्हायचंच. तब्येत ठणठणीत आहे."

"म्हंजी, इसरन्याइतकं कमी न्हाय?"

"छे, अजिबात नाही," डॉक्टर हसत म्हणाले.

गंगम्मा बाहेर बाकावर बसली होती. म्हातारा एकटा नको म्हणून चुलत्यानं तिला बळंच पाठवलं होतं. बाप दिसताच ती उठली.

"काय म्हनले डॉक्टर?"

दोन महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती. रुद्रप्पा घाईनं म्हणाला, "रगत कमी झालंय म्हनं. डोस्क्यातलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तो खोटं बोलला नव्हता. मी होकारार्थी मान हलवली.

"मग आदी का न्हाय सांगितलं, अप्पा?" तिनं त्याचा हात धरला आणि रडायला लागली. तोही रडला. मला फार बरं वाटलं. एवढी लबाडी मला चालणार होती.

डोळे पुसून तिनं दुसरा हात माझ्यापुढं केला. "औषदाची चिठ्ठी द्या, सायेब. जाताना घिऊनच जाऊ."

चिठ्ठी नव्हती. निरोगी माणसाला औषध कोण लिहून देतो? मी उगाच खिसे चाचपले, मागं टेबलाकडं बघितलं. ती थांबून राहिली होती. मग तिनं बापाकडं पाहिलं. तो फरशीकडं बघत होता. तिनं त्याचा हात सोडला आणि एकटीच जिन्याकडं चालू लागली.