तिसरीच्या लेझमीचा सूड

मी लेझीम बोलतेय. येरवड्यातल्या एका प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या हाताच्या खिळ्यावर मी टांगलेली असते. शाळेचं नाव सांगणार नाही. तिथे मुलं अजून शिकताहेत, आणि त्यांचा काही दोष नाही. ज्यांचा होता त्यांचं नाव मात्र सांगणार आहे. वस्तू बोलायला लागल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात, असं ऐकते. मी तशी नाही.

माझा जन्म लोणी काळभोरचा. रावसाहेब नावाच्या लोहारानं माझी साखळी केली, तिच्यात चकत्या ओवल्या, मधोमध मूठ बसवली आणि साखळीची दोन्ही टोकं बाभळीच्या दांड्याला आकड्यांनी अडकवली. दांडा ताणला की साखळी ओढली जाते, मिटला की चकत्या एकमेकींवर आपटतात. छन्न. एवढाच माझा आवाज, पण तो ऐकून पाय गप्प राहत नाहीत.

तनुजाबाई मला घ्यायला आल्या तेव्हा रावसाहेब हसला होता.

"एकच? बाई, लेझीम एकटी वाजवत न्हाईत. ताफा लागतोय."

"मुलं चाळीस आहेत," बाई म्हणाल्या, "पण वर्गात जागा एकीचीच आहे."

ते खरंच होतं. शाळेचं अर्धं मैदान नव्या इमारतीनं खाल्लं होतं, उरलेल्या अर्ध्यावर गाड्या उभ्या राहायच्या. मुलं साडेसातला येऊन बसत ती साडेबाराला उठत. मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी, तीही डबा खाण्यात जायची. पहिल्या दिवशी बाईंनी पाहिलं की नऊ वाजता अर्धा वर्ग पेंगतोय आणि उरलेला अर्धा एकमेकांना पेन्सिली टोचतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक भिंतीकडे सरकवून मध्ये वाट केली. तिसऱ्या दिवशी मला आणलं.

नियम सोपा होता. दर पाऊण तासाला मी वाजायची. मी वाजले की सगळ्यांनी उठायचं, तीन मिनिटं. पण धडा थांबायचा नाही, तोच पायांवर यायचा. सात एके सातला उजवं पाऊल, सात दुणे चौदाला डावं, सात सत्ते एकोणपन्नासला गिरकी. शुद्धलेखनाला तर धमाल यायची. बाई शब्द सांगायच्या आणि मुलं तो अंगानं लिहायची. काना म्हणजे ताठ उभं राहायचं, वेलांटी म्हणजे डोक्यावरून हात, उकार म्हणजे खाली बसकण, जोडाक्षर आलं की शेजारच्याचा हात धरायचा. भूगोलाच्या तासाला खिडकी ही पूर्व आणि दार हे पश्चिम. "उत्तरेला तीन उड्या!" म्हटलं की चाळीस मुलं फळ्यावर चालून यायची.

मला वाजवण्याचा मान रोज एकाला. निकिताची पाळी आली की मला विशेष आनंद व्हायचा. आठ वर्षांची काटकुळी पोर, बाकावर पाच मिनिटं स्थिर बसली तर तिला ताप आलाय असं समजावं. दुसरीत तिच्या प्रगतिपुस्तकात 'फार चुळबुळ करते' एवढाच शेरा होता. तिसरीच्या दिवाळीपर्यंत तिला बाराचा पाढा उलटा येत होता. घरी ती आजीला, राधाबाईंना, स्वयंपाकघरात पाढे नाचून दाखवायची. हे तीच वर्गात सांगायची.

आता त्यांच्याबद्दल. मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर. अक्षर मोत्यासारखं, शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही, आणि शांतता म्हणजेच शिक्षण अशी पक्की समजूत. डिसेंबरात संस्थेचे पाहुणे शाळा बघायला आले, आणि नेमकं तेव्हाच तिसरीत 'उत्तरेला तीन उड्या' चालू होत्या. पाहुणे दारात थबकले. एकजण हसला. कौतुकानं हसला, मी पाहिलं होतं, पण सरांनी ते तसं घेतलं नाही.

पाहुणे गेल्यावर सर वर्गात आले.

"तनुजाबाई, गणपतीला अजून आठ-नऊ महिने आहेत."

"सर, मुलांचे पाढे ऐका एकदा. मग ठरवा."

"पाढे बसून म्हणता येतात. आम्ही नाही का म्हटले? हा वर्ग आहे, वरात नव्हे."

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि आपल्या खोलीतल्या कपाटात टाकलं. आत आधीच दोऱ्या होत्या, हवा गेलेले चेंडू होते, प्लास्टिकचं वेष्टणही न फाडलेल्या रिंगा होत्या. सगळ्या गप्प. इतक्या गप्प की मला भीती वाटली.

तिथेच ठेवलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण मैदानाकडे जाणाऱ्या लोखंडी दाराची कडी तुटली. शिपाई बद्रीनाथ विचारायला आला, "सर, दार बांधायला साखळी नाही."

"कपाटात आहे की," सर म्हणाले.

बद्रीनाथनं पकडीनं माझे आकडे वाकवले. माझी साखळी सुटली, मैदानाच्या दाराला गुंडाळली गेली आणि वर तारेनं पिळली गेली. उरलेला दांडा सरांनी हातात घेऊन पाहिला. त्यांना तो आवडला. त्या दिवसापासून टेबलावर टक् टक् करून वर्ग गप्प करायला ते मला वापरू लागले. मारत नसत, कायदा त्यांना पाठ होता. म्हणजे माझ्या अर्ध्या अंगानं ते मुलांना मैदानात जाऊ देत नव्हते, आणि उरलेल्या अर्ध्या अंगानं जागेवरून उठू देत नव्हते. ज्या पायांसाठी माझा जन्म झाला त्या पायांची मी बेडी झाले होते. एवढं एखाद्या माणसाचं झालं असतं तर तुम्ही त्याला काय सल्ला दिला असता? विसरून जा, असा?

जानेवारीत तनुजाबाईंना आठवडाभर प्रशिक्षणाला पाठवलं. तिसरीचा वर्ग सरांनी स्वतः घेतला. "यांना जरा वळण लावतो," म्हणाले. हाताची घडी, तोंडावर बोट, आणि सुट्टीपर्यंत कोणीही उठायचं नाही, कारण काहीही असो.

मंगळवारी आठ वाजता निकितानं करंगळी वर केली. सरांनी माझ्यानं टेबलावर टकटक केली. "सुट्टीत." साडेआठला तिनं पुन्हा करंगळी वर केली. "ऐकू येत नाही का? सुट्टीत." सव्वानऊला तिनं करंगळी वर केली नाही, ती उभी राहिली. तिच्या तोंडावर घाम होता.

"सर, जाऊ दे ना."

"खाली बस."

ती खाली बसली. थोड्या वेळानं बाकाखाली पाण्याचा ओघळ दिसला. शेजारची मुलगी सरकली. मागून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सर उठले. त्यांनी हात लांब केला आणि त्या ओघळाकडे बोट नाही दाखवलं, मला रोखलं. माझं टोक त्या ओल्या फरशीकडे.

"आठ वर्षांची घोडी झालीस. बद्रीनाथ, फडकं आण."

बद्रीनाथनं खाली मान घालून फरशी पुसली. निकिता रडली नाही. ती फक्त हलेनाशी झाली. मी तिला इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, त्यानंतरही नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. दांडा सरांच्या टेबलावर, साखळी दारावर, गंज चढत चाललेला, पण ठरवलं.

शनिवारी पालकसभेला निकिताची आजी, राधाबाई, आल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून राबून निवृत्त झालेल्या. आवाज हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. हातात अर्ज होता, शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाचा, खाली बावीस पालकांच्या सह्या.

सरांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

"आजी, झालं ते चुकीचं झालं. मी लेखी माफी देतो. आपण म्हणाल तशी."

"लेखी नको. लिहिता तुम्हाला छान येतं, ऐकलंय मी," राधाबाई म्हणाल्या. "सोमवारी निकिताच्या बाकावर बसा. ती बसली तसं, तेवढा वेळ. मग हा कागद मी फाडते."

तनुजाबाई परत आल्या होत्या. त्या पुढे झाल्या. "आजी, राग मला कळतो. पण मुलांसमोर नको."

"माझ्या नातीचं कोणासमोर झालं, बाई?"

बाई मागे सरल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मी पाहिलं. मला मात्र पूर्ण पटलं होतं.

सोमवारी साडेसातला उत्तरेश्वर सर तिसरीच्या दुसऱ्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात म्हणून तिरके बसले. राधाबाई सरांच्या खुर्चीत. समोर टेबलावर मी. निकिताला त्या हाताला धरून घेऊन आल्या होत्या, ती सरांच्या शेजारच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून.

"पोर घरून चहा-पाणी पिऊन आली होती," राधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सरांपुढे पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. "तुम्हीही प्या. सगळा."

सर प्यायले.

तनुजाबाईंनी गणित सुरू केलं. मुलं आधी खुदखुदली, मग वही सोडून सरांकडेच बघत राहिली. आठला सरांनी पाय बदलला. सव्वाआठला पुन्हा. साडेआठला त्यांच्या कपाळावर घाम आला. हळू आवाजात म्हणाले, "आजी, आम्हालाही लहानपणी असंच बसवायचे."

"म्हणून?" राधाबाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा पाय बदलला.

नऊला सरांनी करंगळी वर केली. छप्पन्न वर्षांच्या मुख्याध्यापकांनी. अहो, त्या एका करंगळीसाठी मी आणखी दहा वर्षं कपाटात काढली असती.

"तीस वर्षं मी आजाऱ्यांची लघवीची भांडी धरली, सर," राधाबाई म्हणाल्या. "रोखून धरलेल्या माणसाचा चेहरा मला पाठ आहे. पण मला काय विचारता? तिला विचारा."

सर निकिताकडे वळले. "निकिता, जाऊ का?"

निकितानं पहिल्यांदा भिंतीवरची नजर काढली. तिनं सरांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माझ्याकडे.

"लेझीम वाजली की," ती म्हणाली.

हा आमच्या वर्गाचा जुना नियम होता, दुसरं काही नाही. पण वाजणार कशी? माझी साखळी दाराला होती. बद्रीनाथ धावत गेला. त्याचीच पिळलेली तार त्याला सुटेना. तो साखळी घेऊन आला तोवर पाच मिनिटं गेली होती, आणि सर बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. एक आकडा बसला. दुसरा बसेना. बद्रीनाथनं पकडीनं दाबला, वाकवला, पुन्हा दाबला. तो म्हणाला, गंज आहे. लोकांना काय, गंज दिसतो. मी सगळं बळ लावून त्याला अडवत होते.

मग निकिता उठली. तिनं बद्रीनाथच्या हातातून मला घेतलं. तिची बोटं माझ्या मुठीभोवती बसली आणि मला जोर धरवेना. आकडा आत गेला. छन्न.

सर उठून धावले. दारापर्यंत गेले, पण गॅलरी ओलांडता ओलांडता उशीर झाला. ते मी पाहिलं, कारण मी त्याचीच वाट पाहत होते. मला वाटलं, आता निकिता हसेल. सगळा वर्ग हसेल, त्या दिवसासारखा.

पण निकिता दाराकडे पाठ करून मुलांसमोर उभी राहिली आणि ओरडली, "सात एके सात!"

चाळीस मुलं उठली. पावलं पडू लागली. सगळे तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत होते, दाराकडे कोणी नाही. तिनं पाढा संपू दिला नाही, परत पहिल्यापासून घेतला, आणि बद्रीनाथ फडकं घेऊन गॅलरीतून परत येईपर्यंत मला वाजवत राहिली. राधाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अर्ज फाडला.

खरं सांगते, मला तेव्हा तिचा राग आला. इतक्या कष्टानं मिळवलेला सूड या पोरीनं माझ्याच आवाजाखाली झाकून टाकला. आजही पूर्ण समजलेलं नाही. एवढंच समजतं की ती त्या दिवशी पुन्हा हलायला लागली, ती सर पळाले म्हणून नाही, तर तिनं वर्गाला उठवलं म्हणून.

पुढच्या आठवड्यात सरांनी आदेश काढला, सुंदर अक्षरात: प्रत्येक वर्गात दर पाऊण तासाला तीन मिनिटं हालचाल. चौथीच्या बाईंनी तो फलकावर लावला आणि विसरल्या. सर तिसरीत पुन्हा आले नाहीत. मैदानाचं दार आता नुसतं ओढून घेतात.

जूनमध्ये निकिता चौथीत गेली. गेल्या आठवड्यात ती तिसरीच्या दारात आली. "बाई, हिला तीन मिनिटं नेऊ?" तनुजाबाईंनी मला काढून दिलं. चौथीत पन्नास मुलं बसली होती, डोळे जड, खांदे पडलेले. फळ्याकडून बाई म्हणाल्या, "हे काय आणलंस?"

"बाई, उठायची वेळ झाली," निकिता म्हणाली.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. शेवटी खडू खाली ठेवला आणि चपला काढल्या.

तेव्हा पुण्यातल्या आणि पुण्याबाहेरच्या समस्त बाई आणि सरांनो, हात जोडून सांगते, मुलांना उठू द्या. पाढे पायांत असू द्या, शब्द अंगात असू द्या. याला विनंती समजा. नाहीच समजलात, तर निकिता मोठ्या मनाची आहे, पण मी नाही.