विमा नसलेली जीप

गवंडीण शेंगा तोडत होती. चुलत दीर बांधावर येऊन उभा राहिला, तरी तिनं मान वर केली नाही. पंधरा दिवसांपूर्वी याच्याच जीपनं तिच्या नवऱ्याला सायकलसकट उडवलं होतं. गवंड्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता.

"वहिनी, माझ्या गाडीचा विमा संपलाय. पलीकडच्या गावच्या माझ्या साडूच्या जीपचा चालू आहे. त्या गाडीनं ठोकलं, असा जबाब द्या. कंपनी भरपाई देईल, मीही सुटेन."

"विमा का नाही भरलास?"

"या रस्त्यावर कोण विचारतंय?"

"आता मी विचारतेय ना!"

दीर चिडला. "माझं नाव घेतलंत तर गाडी जप्त होईल. कंपनी हात वर करेल. जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवा मग!"

तो म्हणतो ते खरं होतं. म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मुळासकट उपटलेला वेल तिनं त्याच्या दिशेनं भिरकावला. "नीघ माझ्या रानातून!"

घरी नवरा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "ऐक त्याचं. बांधकामाला मी काय आता पुन्हा परातीवर चढणार आहे?"

"परांचीवर," ती तुटकपणे म्हणाली. औषधांनी जीभ जड होऊन त्याचे शब्द चुकत होते. "ठोकल्यावर त्यानं तुम्हाला उचललं तरी का?"

गवंड्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "गाडी माणसांनी भरलेली होती. फेरी चुकेल म्हणाला."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात दीर आणि त्याचा साडू आधीच बाकावर बसले होते. गवंडिणीनं दिराच्या जीपचा नंबर सांगितला.

हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, या गाडीला विमा नाही. कळतंय ना?"

"कळतंय. लिहा."

"उपाशी मराल दोघं!" दीर ओरडला.

"मरू. पण खोट्याला अंगठा देणार नाही. उद्या तू तशाच गाडीत पुन्हा वीस माणसं कोंबशील."

जीप ठाण्याच्या आवारात जाऊन पडली. नवऱ्यानं तिनं वाढलेलं ताट बाजूला सारलं. जावेनं अंगणात उभं राहून तिचा उद्धार केला. गावात दुसरी गाडी नव्हती, त्यामुळं बाजाराच्या दिवशी बायका डोक्यावर पाट्या घेऊन उन्हातून निघाल्या. शेंगांचं ओझं घेऊन गवंडीणही त्यांच्यातच होती.

"हिच्यापायी ही पायपीट," एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "हिला काय मिळालं?"

गवंडिणीनं डोक्यावरचं ओझं सावरलं.

"काही नाही मिळालं," ती म्हणाली. "पण तू स्वतःच्या दोन पायांवर चालतेयस ना? मग चाल गप."