हिला काहीच लागत नाही

मी एक विजेवर चालणारी मोटार बोलतेय. राखाडी रंगाची, पाच जणांची. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बेटावर मी साडेतीन वर्षं काढली. मी ऐन वेळी दगा दिला, असं तिथे अजून बोलतात. तुमच्याही कानावर ते येईल, म्हणून आधी माझं ऐकून घ्या.

मला घ्यायला अर्विद आला तेव्हा त्याचे हात बघूनच मी हरखले होते. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर त्याने इंजिन सांभाळलेलं. वंगण नखांत मुरलेलं, साबणालाही दाद न देणारं. अशा माणसाच्या घरी पडले म्हणजे नशीब काढलं, असं मला वाटलं.

घर टेकडीवर होतं. दारातून निघालेला रस्ता सरळ खाली फेरीबोटीच्या धक्क्यावर उतरायचा. अंगणात माझ्या शेजारी त्याची जुनी होडी टेकूंवर उभी असायची. दर रविवारी न्याहारी झाली की तो तिच्या इंजिनाशी बसे. तेल बघे, नट आवळे, तिच्याशी बोलेसुद्धा. ती माझी थोरली सवतच म्हणा ना! मी वाट बघायची, आता माझ्याकडे येईल. तो यायचा, टपावर थाप मारायचा आणि आत जायचा.

धक्क्याजवळच्या दुकानात म्हातारे कोळी कॉफीला जमत. एकदा त्यांतल्या ओडलाइव्हने माझ्याकडे हात दाखवून विचारलं, "काय रे, हिचं तेलपाणी कोण बघतं?"

"हिला काहीच लागत नाही," अर्विद ऐटीत म्हणाला. "इंजिनच नाही तर तेल कसलं? वायर लावली की झालं. एवढ्या गुणाची बायकोसुद्धा मिळत नाही."

त्याची बायको गुद्रुन शेजारीच वाफल खात होती. "मिळाली असती, तर तुझ्या मोज्यांच्या वासानेच पळाली असती," ती म्हणाली. सगळे खदखदून हसले.

खरं सांगते, ते कौतुक मलाही गोड लागायचं.

पण मला काहीच लागत नाही, हे खोटं होतं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की माझी मोटरच वेग आवरते आणि तेवढी वीज परत साठवते. त्यामुळे ब्रेक दाबायची वेळ क्वचित येते. न वापरलेल्या ब्रेकवर मग समुद्राचं वारं आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बसतं. गंज चढतो. वर्षातून एकदा तरी ब्रेक उघडून, साफ करून वंगण द्यावं लागतं. ब्रेकचं तेल जुनं झालं की बदलावं लागतं. बस, एवढंच मागणं होतं माझं.

मी ते सांगितलंही. सकाळी निघताना चाकांतून करकरले. पडद्यावर सूचना दाखवली, ती त्याने अंगठ्याने बाजूला सारली. गॅरेजकडून माझ्या नावाने पत्रं आली. गुद्रुनने ती त्याच्या हातात दिली. त्याने त्यातलं एक घेतलं, होडीच्या इंजिनातली तेल बघायची काडी बाहेर काढली आणि माझ्या पत्राला पुसली! मी दोनच हातांच्या अंतरावर उभी होते. सरकारी तपासणी चौथ्या वर्षी असते. तोवर मला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मे महिन्यात नातीचं कन्फर्मेशन होतं. चर्चमधला विधी आणि मग मोठं जेवण, दूर आतल्या गावात. लांबचा पल्ला म्हणून अर्विदने मला पहिल्यांदाच पूर्ण चार्ज केलं. एरवी तो बॅटरीत थोडी जागा रिकामी ठेवायचा.

सकाळी गुद्रुन चांदीच्या गुंड्यांचा पारंपरिक पोशाख घालून बसली. मांडीवर बदामाच्या कड्यांचा मनोऱ्यासारखा केक, नातीसाठी दोन दिवस खपून केलेला. आम्ही उताराला लागलो. अर्विदने सवयीने पाय उचलला. पण माझी बॅटरी काठोकाठ भरलेली, परतीची वीज ठेवू कुठे? मी वेग आवरू शकले नाही.

"अर्विद, हळू!"

"ही थांबत का नाही?" त्याने ब्रेक दाबला. कित्येक महिन्यांनी त्याचा पाय तिथे जोरात पडला होता. एका बाजूच्या ब्रेकने धरलं, दुसऱ्या बाजूचा गंजून जाम झालेला. मी तिरकी फिरले आणि धक्क्याच्या लोखंडी खुंटावर आदळले. खुंट नसता तर आम्ही पाण्यातच होतो. केकची कडी पायांशी घरंगळत गेली. गुद्रुनचं मनगट मोडलं. फेरीबोट आम्हाला न घेताच सुटली.

गॅरेजमध्ये सुन्नोवे नावाच्या मेकॅनिक बाईने माझं चाक काढलं आणि ब्रेकची गंजलेली चकती अर्विदसमोर धरली.

"सर्व्हिसिंग कधी केलं होतंत?"

"इंजिन नाही हिला."

"इंजिन नाही, मान्य. ब्रेकसुद्धा नाहीत का? पत्रं मिळाली नाहीत तुम्हाला?"

अर्विदने चकतीवरून बोट फिरवलं. लोखंड कळणारा माणूस तो, त्याला एका क्षणात सगळं कळलं. मला वाटलं, आता तरी हा माझ्याकडे बघेल.

पुढच्याच आठवड्यात, दुरुस्त होऊन मी दुकानापुढे उभी होते. ओडलाइव्हने विचारलं, "झालं काय होतं नेमकं?" आयुष्यभर इंजिनं सांभाळणाऱ्याने आपल्या हयगयीने बायकोचं मनगट मोडलं, हे त्या टेबलावर कसं सांगायचं?

"गाडीने दगा दिला," अर्विद म्हणाला.

दगा मी दिला? मी?

त्याने मला विकायला काढलं. तोरुन नावाची तरुण बाई बघायला आली, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून तिने विचारलं, "हिच्या सर्व्हिसिंगचं काय? काय काय करावं लागतं?"

अर्विदने माझ्याकडे पाहिलं. गुद्रुन प्लास्टरमधला हात घेऊन खिडकीत उभी होती. इथे ते कॉफीचं टेबल नव्हतं, खोटं बोलायचं कारणही नव्हतं. तरी तो म्हणाला, "हिला काहीच लागत नाही."

गुद्रुनने पडदा ओढला.

तोरुनचं घर डोंगरात आहे, अर्विदच्या उतारापेक्षा उभ्या चढावर. माझ्या चकत्या आज नव्या आहेत. दोन हिवाळे गेले की त्या पुन्हा तशाच होतील. काल तिने मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसवली. पट्टा नीट बसला की नाही, हे दोनदा ओढून पाहिलं. मग उरलेल्या जागेत दुधाच्या बाटल्यांची पिशवी ठेवली आणि गुणगुणत दार लावलं.

बाई, किती जपतेस गं त्या पट्ट्याला! कधीतरी तशीच वाकून माझ्या चाकांकडेही बघ.